पहिल्या खजिनदारांच्या वह्या

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी स्थापनेच्या काळाविषयी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. लेखणी हाती येते ती बिल आणि पावती लिहिण्यापुरती. तरीही हे धाडस करीत आहे, कारण ट्रस्टच्या इतिहासाची काही साधने कोणत्याही ग्रंथालयात नसून माझ्या घरी माडीवरच्या लाकडी पेटीत आहेत. ती साधने म्हणजे ट्रस्टचे पहिले खजिनदार, माझे वडील कै. अण्णा यांच्या दुकानाच्या वह्या. १९३८ च्या दिवाळीपासून २००५ च्या दिवाळीपर्यंत प्रत्येक वर्षाची एक, अशा लाल बांधणीच्या या वह्या आहेत. ट्रस्टच्या अध्यक्षांविषयी व दानशूरांविषयी या अंकात अन्यत्र अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहेच. मी केवळ या वह्यांत जे आहे ते, आणि आईच्या तोंडून जे ऐकले ते, सांगणार आहे.

प्रारंभीच्या वह्या मोडी लिपीत आहेत. १९५० नंतर अण्णा हळूहळू बाळबोधीकडे वळले, तरी रकमांच्या खुणा अखेरपर्यंत मोडी वळणाच्याच राहिल्या. मला मोडी येत नाही. माझ्या थोरल्या काकांच्या नातवाने मोठ्या चिकाटीने ती आत्मसात केली आणि गेली दोन वर्षे दर रविवारी येऊन त्याने या वह्या मला वाचून दाखविल्या. पुढे जे काही येईल त्यात त्याच्या आजोबांविषयीही आहे. ते छापावे की नाही हे मी त्यालाच विचारले. “आजोबांनी कधी लपविले नाही, आपण का लपवावे?” असे तो म्हणाला, म्हणून ते येथे आले आहे.

अण्णांचा जन्म १९१८ सालचा, बार्शी तालुक्यातील एका खेड्यातला. त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ गावोगाव फिरली आणि तान्ह्या अण्णांची आई त्या साथीत गेली. आजीने शेळीच्या दुधावर वाढविले, असे अण्णा सांगत. वडील अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. अण्णा मराठी सातवी झाले आणि शाळा संपली. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते थोरल्या भावाबरोबर, म्हणजे माझ्या काकांबरोबर, डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन आठवडी बाजार करू लागले. वैराग, पांगरी आणि हद्दीपलीकडचे येरमाळा, परांडा असा तो फेरा असे.

आजच्या तरुणांना ‘हद्दीपलीकडचे’ या शब्दाचा अर्थ कदाचित लागणार नाही. तेव्हा बार्शी हे मुंबई इलाख्याचे टोक होते. उत्तरेस व पूर्वेस थोडे चालून गेले की निजामाचे राज्य सुरू होई. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी येथून सुटून येडशीमार्गे लातूरकडे जाई, ती निजामाच्या मुलखातून. तिकडे नाणे हाली, इकडे कलदार. हद्दीवर निजामाच्या करोडगिरीचे नाके. १९३९ च्या वहीत अशा नाक्यांवर भरलेल्या जकातीच्या सात पावत्या अजून घडी घालून ठेवलेल्या आहेत. शाई उडाली आहे, शिक्का दिसतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत विकलेल्या खणांचा आणि लुगड्यांचा हिशेब हाली व कलदार अशा दोन रकान्यांत मांडलेला आहे, आणि पानाच्या तळाशी बट्टा वजा करून बेरीज कलदारात उतरविली आहे. सातवी शिकलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने ती पाने लिहिली आहेत, आणि मी पुष्कळ शोधूनही बेरजेत चूक सापडली नाही.

१९३८ साली दोघा भावांनी पेठेत दुकान घातले. खांडेकरी वाडा नव्हे, हवेली नव्हे. दहा फुटांचा गाळा, गादी, तक्क्या, लोखंडी वार आणि मांजरपाटाचे काही तागे. काकांकडे बोलणे आणि खरेदी, अण्णांकडे वही आणि गल्ला. दुकान चांगले चालले. मग महायुद्ध आले.

कापडाचे नियंत्रण १९४३ च्या जूनमध्ये सुरू झाले. गिरणीतून निघणाऱ्या कापडावर किंमत छापून येऊ लागली. दुकानदाराला कोटा, गिऱ्हाईकाला कार्ड, आणि एका प्रांतातून दुसरीकडे माल न्यायचा तर परवाना. मालाचा तुटवडा असा की लग्नघरी बस्ता बांधायला लोक महिनामहिना थांबत. छापील किमतीच्या दुप्पट, तिप्पट देणारे रात्री मागच्या दाराने येत. हा अनुभव एकट्या बार्शीचा नाही, अवघ्या देशाचा आहे. बार्शीचे वेगळेपण एवढेच की येथे हद्द हाकेच्या अंतरावर होती आणि पलीकडे टंचाई अधिक होती. रात्री बैलगाडीत कडब्याखाली चार तागे टाकून पलीकडे नेले की सकाळपर्यंत त्याचे सोने होई.

काकांनी हा व्यापार १९४४ मध्ये सुरू केला. घरात अकरा माणसे होती, आजीचे आजारपण होते, आणि पेठेत बहुतेक सगळेच करीत होते. काकांचे म्हणणे काही अगदी वावगे नव्हते, असे मला आज वाटते. पलीकडच्या बायका फाटकी लुगडी गाठी मारून नेसत होत्या. “मी त्यांना कापडच देतो, विष देत नाही,” असे ते म्हणत. अण्णांना प्रथम याची कल्पना नव्हती की ती असूनही ते गप्प होते, हे वहीवरून ठरविता येत नाही. वहीत त्या दोन वर्षांच्या विक्रीपुढे केवळ ‘बाहेरगाव’ एवढाच शब्द आहे, आणि तो अण्णांच्याच हातचा आहे.

१९४५ च्या दशलक्षण पर्वात नित्याप्रमाणे मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे वाचन झाले. आपल्याकडे दहा दिवसांत दहा अध्याय होतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय, म्हणजे व्रतांचा. त्यात अचौर्य व्रताला दोष लावणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. श्रावकाने चोरी करू नये हे तर आलेच, परंतु चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे, चांगल्यात हिणकस मिसळून विकणे, हेही तेथे दोषच मानले आहे. याच यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ असा एक शब्द आहे. राज्याच्या मर्यादेचे उल्लंघन करून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ लावतात. कोणी त्यात करचुकवेगिरी पाहतो, कोणी राजाज्ञेचा भंग. दोन राज्यांच्या हद्दीवर बसलेल्या कापडवाल्याला मात्र त्या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. आई सांगत असे, की त्या रात्री अण्णा सामायिकाला बसले ते फार उशिरा उठले.

त्या दिवाळीला वाटणी झाली. भांडण झाले नाही, पंच बसले नाहीत. काकांनी पेठेतले दुकान ठेवले, अण्णांनी एका बोळाच्या तोंडाशी पडवीत बसायची जागा घेतली. १९४५ च्या वहीचे हे पान मी पुष्कळदा पाहिले आहे. माल निम्मा, उधारी निम्मी, भांडी आणि वजने यांची यादी, आणि शेवटी एक रक्कम : १,८४० रुपये ११ आणे. ‘बाहेरगाव’ विक्रीच्या नफ्यातील हा अण्णांचा निम्मा वाटा. तो त्यांनी स्वतःच्या भांडवलात जमा केला नाही, भावाला परतही दिला नाही. उचंत खाती टाकला. ज्यांना हिशेबाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, की रक्कम कोणाची हे ठरलेले नसते तेव्हा ती उचंत खाती ठेवतात. आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात असे खाते वर्षअखेर निकालात काढावे असे सांगितले होते. अण्णांनी ते तीन वर्षे पुढे ओढले.

मधल्या काळात, १९४६ च्या जानेवारीत, सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळ्या बाजारात कमावलेला पैसा बाहेर यावा हा हेतू होता. काकांचे त्यात नुकसान झाले, किती ते त्यांनाच ठाऊक. अण्णांनी त्याविषयी घरात एक अक्षर काढले नाही. मुनीम, हमाल, शेजारी येऊन सांगत तेव्हाही ते विषय बदलत, असे आई म्हणे.

१९४८ च्या उन्हाळ्यापासून हद्दीपलीकडून माणसे येऊ लागली. रझाकारांच्या त्रासाने गावेच्या गावे उठली होती. बार्शीच्या धर्मशाळा, देवळांच्या ओवऱ्या, शाळांचे व्हरांडे भरून गेले. अंगावरच्या वस्त्रानिशी आलेली कुटुंबे, आणि त्या वस्त्रांचीही दशा पाहवत नसे. कापडावरचे नियंत्रण त्या वर्षाच्या आरंभी उठले होते, किमती भडकल्या, आणि काही महिन्यांतच ते पुन्हा आले. अशा दिवसांत अण्णांच्या वहीत एक नोंद आहे. भाषा त्यांचीच, फक्त मी बाळबोधीत उतरवितो : ‘उचंत खाते नावे, हद्दीपलीकडील मंडळीस लुगडी व मांजरपाट, छापील दराने.’ अशा नोंदी आषाढापासून भाद्रपदापर्यंत आहेत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला हैदराबादचे राज्य संपले, माणसे परतू लागली. त्या दिवाळीला उचंत खाते शून्यावर आले. अधिक लागलेले ४६ रुपये अण्णांनी घरखर्चात धरले.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी काकांनीही त्या निराश्रितांना मोठ्या प्रमाणात घोंगड्या आणि धान्य दिले, आणि ते अण्णांच्या कितीतरी पट होते. त्यांच्या वह्या राहिल्या नाहीत म्हणून ते कागदावर नाही. परंतु ज्यांच्या घरी त्या घोंगड्या गेल्या त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ १९९० च्या सुमारास आमच्या दुकानात येऊन काकांची चौकशी करून गेले, हे मी स्वतः पाहिले आहे.

दोघा भावांचे येणे-जाणे कधी तुटले नाही. दरवर्षी दशलक्षण संपून क्षमावाणीचा दिवस आला की अण्णा अभिषेक आटोपून सर्वप्रथम काकांच्या घरी जात. काका ओट्यावर उभे असत. दोघे हात जोडून क्षमा मागत, दूध घेत, आणि कापसाच्या भावाविषयी बोलत. १९४५ चा विषय मी त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही.

अण्णांच्या दुकानाविषयी जुन्या मंडळींना दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे ते दुकान सूर्यास्तापूर्वी बंद होई. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने थंडीच्या दिवसांत सहाच्या आत पान वाढलेले असावे लागे. बाजारच्या दिवशी खेड्यातली गिऱ्हाइके सायंकाळच्या गाडीआधी खरेदीला येत, नेमकी तीच वेळ हातची जाई. दुसरी गोष्ट, अण्णा रेशीम विकत नसत. कोश उकळत्या पाण्यात टाकून आतल्या किड्यासह रेशीम काढतात, हे कळल्यापासून त्यांनी ते दुकानात येऊ दिले नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले गिऱ्हाईक शालू मागे. अण्णा सुती आणि बनावट रेशमाचा माल दाखवीत आणि “शालू मात्र समोरच्या दुकानात बघा, तेथे चांगला मिळेल” असे सांगून माणूस बरोबर देत. बस्ता म्हटला की शालू जेथे घेतला तेथेच आहेराची लुगडी, धोतरजोड्या आणि टोप्याही घेतल्या जातात. त्यामुळे एका शालूबरोबर सगळा बस्ताच समोर जाई. समोरच्या दुकानदाराने आपल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी अण्णांचा घरी येऊन सत्कार केला, तो बहुधा याच कारणाने असावा!

१९५५ सालचे पान वेगळे आहे. त्या वर्षी प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर १४ ऑगस्टपासून यमसल्लेखना धारण केली होती. देशभरातून श्रावक येत होते. पावसाळ्याचे दिवस, चिखलाचे रस्ते. अण्णा चार सोबत्यांसह निघाले, काही वाट एसटीने आणि काही पायी. ८ सप्टेंबरला, उपवासाच्या २६ व्या दिवशी, महाराजांनी मराठीतून जो अखेरचा उपदेश केला आणि जो ध्वनिमुद्रित झालेला आहे, तो अण्णांनी गर्दीत बसून ऐकला. १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली तेव्हा अण्णा बार्शीस परतले होते. परतले ते परिग्रहपरिमाण व्रत घेऊन.

त्या दिवाळीच्या वहीच्या पहिल्या पानावर श्री आणि स्वस्तिकाखाली तीन ओळींत मर्यादा लिहिली आहे. राहते घर एक. आईच्या अंगावरचे होते तेवढे सोने. दुकानाचे भांडवल, माल व उधारी मिळून, १५,००० रुपये. मुलींच्या लग्नाची तरतूद वेगळी. घरखर्च भागून वर्षअखेर जे अधिक राहील ते धर्मादाय खाती.

पुढच्या काळातील सगळा जगाचा बदल या मर्यादेच्या आत घडला. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत वार जाऊन मीटर आला. गिऱ्हाईक मात्र नऊवारच मागे. मीटरचा भाव वारापेक्षा अधिक दिसे, त्यामुळे दुकानदाराने दर वाढविला असा लोकांचा समज होई. अण्णांनी गल्ल्याशेजारी पाटी टांगली, तिच्यावर एकाच कापडाचा वाराचा आणि मीटरचा भाव शेजारी शेजारी लिहिलेला असे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडे कमी. ते थोडे कमी कोणाचे, याचा विचार किती दुकानदारांनी केला असेल? अण्णा जुना लोखंडी वार ठेवून होते. ज्याला शंका येई त्याला दोन्हींनी मोजून दाखवीत. मग टेरिलीन आले, टेरिकॉट आले, धोतरे मागे पडली. १९७२ च्या दुष्काळात दुकानाची विक्री एवढी घटली की धर्मादाय खात्यात त्या वर्षी जमेची नोंदच नाही. नावेच्या बाजूला मात्र खडी फोडायला जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी चड्ड्या-सदऱ्यांचे कापड आहे.

१९७४ च्या दिवाळीपासून भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे वर्ष देशभर साजरे झाले. चारही संप्रदायांची मंडळी एकत्र आली, पंचरंगी ध्वज आणि सर्वमान्य जैन प्रतीक आले, दिल्लीतील संगीतीत ‘समणसुत्तं’ या ग्रंथाला मान्यता मिळाली. त्या उत्साहाच्या वातावरणातच आपल्या ट्रस्टची स्थापना झाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी झाली, हे सर्वांना माहीत आहे. खजिनदार कोण, यावर बैठकीत चर्चा फार वेळ चालली नाही, असे तेव्हाचे एक सभासद मला सांगत. अण्णांचे नाव निघाले आणि विषय संपला.

ट्रस्टच्या पहिल्या पावतीपुस्तकातील पावती क्रमांक १ ‘एक श्रावक’ या नावाने आहे. रक्कम ९,४१३ रुपये ६० पैसे. आकड्याकडे पाहून अनेकांना नवल वाटत आले आहे, कारण देणगी म्हटली की ती एकाने संपणारी असते. अण्णांच्या १९७५ च्या वहीत धर्मादाय खात्याची शिल्लक ९,४१३ रुपये ६० पैसे असून त्याच तारखेस ती शून्य झाली आहे. आपले नाव पुढे यावे हे त्यांना रुचले नसते, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु पन्नास वर्षांनंतर ट्रस्टच्या इतिहासात पहिल्या देणगीचा मालक अज्ञात राहू नये, असे माझे मत झाले.

पावती क्रमांक २ काकांची, २५,००१ रुपयांची. सभागृह त्या रकमेतून उभे राहिले. त्या वेळी कार्यकारिणीतील एक-दोघांनी जुन्या दिवसांचा उल्लेख करून कुजबूज केली, हे खरे आहे. पावती लिहिण्याचे काम खजिनदारांचे होते. अण्णांनी दौत पुढे ओढली, थोरल्या भावाचे नाव पूर्ण उपाधींसह लिहिले, आणि कुजबुजणाऱ्यांपैकी एकाकडेच कागद देऊन, “साक्षीदार म्हणून सही करा,” असे सांगितले. पुढे त्या बैठकीत कोणी काही बोलले नाही.

मी १९८० मध्ये बी. कॉम. होऊन दुकानात बसू लागलो तेव्हा अण्णा ६२ वर्षांचे होते. आमचा पहिला आणि खरे म्हणजे एकमेव मतभेद त्या १५,००० रुपयांवरून झाला. १९५५ साली त्या रकमेत दुकानाच्या दोन्ही भिंती तागांनी भरत. १९८० साली एका भिंतीच्या निम्म्या फळ्या रिकाम्या राहू लागल्या. रुपयाची किंमत घटली आहे, तेव्हा मर्यादाही त्या प्रमाणात वाढली पाहिजे, नाही तर व्रत न मोडताही ते दरवर्षी आपोआप कडक होत जाते, असा माझा युक्तिवाद होता. आकडेमोड करून मी तो कागदावर मांडलाही होता. अण्णांनी कागद नीट वाचला. “तुझा हिशेब बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण मी रुपये ठरविले होते, तागे नव्हे. वाढवायचे म्हटले तर ते व्रत राहत नाही. आणि व्रत माझे आहे, तुझे नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी अक्षरशः पाळले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणीचा माल आटला आणि इचलकरंजी-मालेगावच्या मागांचा माल बाजारात पसरला. त्या धामधुमीत व्यापाराची नवी संधी होती. मी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन स्वतःच्या नावाने, बँकेचे कर्ज काढून, वेगळे दुकान घातले. अण्णांनी उद्घाटनाला येऊन णमोकार मंत्र म्हटला, पहिली वही त्यांनीच लिहून दिली. माझ्या दुकानात रेशीमही आले. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, मात्र त्या फळीकडे पाठ करून बसत. मधली भिंत एक, पण एकीकडे माझे वाढते दुकान आणि दुसरीकडे दरवर्षी थोडे आकसत जाणारे अण्णांचे, असे दृश्य गावाने वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले. त्यांचे व्रत आमच्या कुटुंबाला महाग पडले का, असे मला अनेकांनी विचारले आहे. पडले. आईने पंचवीस वर्षे नवा दागिना केला नाही, आणि मला भांडवल कर्जाने उभे करावे लागले. परंतु पेठेतला कोणताही घाऊक व्यापारी मला पहिल्याच दिवशी उधारीवर माल द्यायला तयार झाला, तो माझ्या पदवीकडे पाहून नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

ट्रस्टचे खजिनदारपद अण्णांनी वीस वर्षे सांभाळले. १९८९ पासून सरकारी वर्ष मार्चअखेर धरावे लागू लागले, तेव्हा ते ट्रस्टचे हिशेब एप्रिल ते मार्च आणि स्वतःची वही दिवाळी ते दिवाळी अशी दोन्ही गणिते सांभाळीत. लेखापरीक्षकांनी त्या वीस वर्षांत एकच हरकत काढली. मुनिसंघाच्या विहारात चौक्याच्या खर्चाची एक पावती नव्हती. अण्णांनी ते ३७ रुपये स्वतः भरले, नंतर पावती सापडली, पण ते पैसे त्यांनी परत घेतले नाहीत. १९९५ मध्ये डोळ्यांचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाल्यावर त्यांनी पद सोडले आणि सगळी दप्तरे यादी करून नव्या खजिनदारांच्या हवाली केली. त्या यादीत रिकाम्या दौती किती याचाही उल्लेख आहे.

काका १९८८ मध्ये गेले. त्या वर्षीच्या क्षमावाणीला अण्णा नित्याप्रमाणे काकांच्या घरी गेले आणि रिकाम्या ओट्यासमोर काही वेळ हात जोडून उभे राहिले.

वृद्धापकाळात अण्णांचा दिनक्रम अधिकच नेमका झाला. पहाटे सामायिक, मंदिरात अभिषेक, अकराला एकदा भोजन, दुपारी स्वाध्याय, चारला दुकान. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास ८८ व्या वर्षापर्यंत चालला, पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच ताकद अजमावून त्यांनी तो एकाशनावर आणला. २००५ च्या दिवाळीला त्यांनी दुकान बंद केले. उरलेला माल माझ्याकडे वर्ग केला, त्याची किंमत माझ्याकडून रोख घेतली, आणि ती ट्रस्टच्या पाठशाळेस दिली. त्या शेवटच्या वहीतील अक्षर कापरे आहे. बेरीज बरोबर आहे. २०११ च्या पौष महिन्यात, वयाच्या ९३ व्या वर्षी, घरच्या मंडळींच्या तोंडून णमोकार मंत्र ऐकत त्यांनी देह ठेवला. अखेरच्या आठवड्यात अन्न त्यांनी आपणहून कमी करीत आणले होते.

या वह्या आता ट्रस्टच्या वाचनालयाच्या स्वाधीन करण्याचे मी व काकांच्या कुटुंबाने मिळून ठरविले आहे. एकूण ६८ वह्यांपैकी १९५१ ची वही वाळवीने गेली आहे आणि १९६४ च्या वहीची शेवटची काही पाने फाटलेली आहेत. बाकीच्या सुस्थितीत आहेत. मोडीतील पानांचे बाळबोधीकरण १९४९ पर्यंत पूर्ण झाले असून त्याची प्रत वह्यांसोबत ठेवली जाईल. ज्यांच्या वडिलांची, आजोबांची खाती या वह्यांत आहेत, त्यांनी जरूर येऊन पाहावीत. काही उधाऱ्या अजून येणे दिसतात. त्या वसूल करावयाच्या नाहीत.